विषय: महिला दिन – यंदा अर्धा तास शिकागोच्या बायकांसाठी

नमस्कार मंडळी,

महिला दिनाला आपण सावित्रीबाई, आनंदीबाईंवर दरवर्षी बोलतो, बोलायलाच हवं. पण ज्या शहरात आपली मुलं वाढतात, ते राहण्याजोगं कुणी केलं हे त्यांना ठाऊक नाही. यंदा अर्धा तास समाजसेविका जेन अ‍ॅडम्ससाठी ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

१८८९ मध्ये तिने एलेन गेट्स स्टारबरोबर हॉल्स्टेड स्ट्रीटवर, स्थलांतरितांच्या वस्तीत हल-हाउस हे समाजसेवा केंद्र सुरू केलं. तिचं १९३१चं शांततेचं नोबेल मोठंच, पण माझ्या लेखी त्याहून मोठी तिची कचऱ्याची नोकरी. वॉर्डातला कचरा धड उचलला जात नव्हता, म्हणून तिने कंत्राटासाठी स्वतः टेंडर भरलं. ते तांत्रिक कारणावरून फेटाळलं गेलं, पण त्यामुळेच १८९५ मध्ये महापौरांनी तिला १९व्या वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. पहाटे सहाला उठायचं, माणसं कामावर आलीत का बघायचं, मग भरलेल्या गाड्यांच्या मागे थेट डंपपर्यंत जायचं. एका अरुंद गल्लीत तर कचऱ्याखाली १८ इंचांवर फरसबंदी रस्ता लागला! महापालिकेच्या दप्तरात त्याची नोंदही सापडली.

– कार्यक्रम समिती

---

ताई, कल्पना फार आवडली. पण आयडा बी. वेल्सशिवाय हे सत्र करू नये, ही कळकळीची विनंती.

काळ्या लोकांच्या झुंडबळींवर निर्भीडपणे लिहिणारी ही पत्रकार. जानेवारी १९१३ मध्ये तिने शिकागोत काळ्या स्त्रियांचा अल्फा सफ्रेज (म्हणजे मताधिकार) क्लब काढला. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात तिला सांगितलं गेलं, तुम्ही मागे, काळ्या बायकांच्या तुकडीत चाला. तिने साफ नकार दिला. मोर्चा निघाल्यावर बघ्यांच्या गर्दीतून ती पुढे आली आणि आपल्या इलिनॉय राज्याच्या गोऱ्या बायकांच्या रांगेत शिरून चालू लागली. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये स्त्रियांना पालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. क्लबच्या बायकांनी घरोघरी फिरून मतदार नोंदवले आणि १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शहराचे पहिले काळे नगरसेवक झाले. आपण डाउनटाउनला ज्या आयडा बी. वेल्स ड्राइव्हवरून जातो, तो रस्ता हिच्याच नावाचा.

– एक आजीव सभासद

---

काकू, दोघीही घेऊ. मात्र फ्लोरेन्स केलीला दहा मिनिटं द्याच. ती हल-हाउसमध्येच राहायची. इलिनॉयच्या १८९३च्या कायद्याने कारखान्यांत १४ वर्षांखालची मुलं कामाला ठेवायला बंदी आली, बायकांच्या कामाला आठ तासांची मर्यादा आली, आणि अंमलबजावणीसाठी राज्याची मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून तिलाच नेमलं. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं, तरी ती मागे हटली नाही.

आणि नुसत्या स्लाइड्स नकोत. १९६०च्या दशकात विद्यापीठासाठी हल-हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या. वस्तीतली फ्लोरेन्स स्काला त्याविरुद्ध कोर्टापर्यंत लढली. मूळ घर आणि जेवणघर उरलंय, तिथे आता संग्रहालय आहे. महिला दिनाच्या आधीच्या शनिवारी मुलांना तिथे नेऊ. माझ्या व्हॅनमध्ये सहा जण मावतील, आणखी कोण गाडी काढेल ते याच धाग्यावर कळवा.

– युवा विभाग