हरवलेल्या मुलावरची थरारक कादंबरी सुचवा (बजेट ₹300, भूत नको)

खाडीपलीकडची
नमस्कार. लहान मूल हरवतं आणि घरातल्यांच्या मनात काय काय चालतं, यावरची थरारक कादंबरी हवी आहे. मराठी किंवा सोपं इंग्रजी. बजेट ₹300. छापीलच हवी, कारण आमच्याकडे (मालवण तालुका) पाऊस लागला की लाइट आणि नेट दोन्ही जातं. भूत, चकवा, करणी नको. गुन्हेगार कोण याच्याशी मला फार देणंघेणं नाही. ज्याच्या हातून मूल सुटलं त्याचं मन दिसायला हवं.

कारण सांगते. मी 10 वर्षांची, भाऊ 4 चा. आंगणेवाडीच्या जत्रेत खाज्याच्या दुकानापुढे सुटे पैसे घ्यायला मी त्याचा हात सोडला. नाणी मुठीत घेऊन वळले तर तो नाही. दीड तासाने लाउडस्पीकरच्या मांडवात सापडला, कुणा आजींच्या मांडीवर बसून खाजं चोखत होता. त्याला आज काही आठवत नाही. आई त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. मला मात्र ती घामाने ओली झालेली नाणी अजून हातात लागतात.

दापोलीचा वाचक
मेरी हिगिन्स क्लार्कची 'व्हेअर आर द चिल्ड्रन?' घ्या, 1975 ची आहे. अंगणात खेळणारी दोन मुलं गायब, मागे फक्त एक लाल हातमोजा. आणि आईवर आधीच्या दोन मुलांच्या खुनाचा ठपका. समुद्रकाठचं गाव, वादळ, सगळं एका दिवसात घडतं. मी मांडवी एक्सप्रेसमध्ये ठाण्याला उघडली आणि खेडला उतरायचं राहून गेलं, थेट चिपळूण! इंग्रजी अगदी सोपं.

रत्ना_वाचते
ताई, किंडल घ्या. माझं सहा वर्षं चालू आहे, एकदा चार्ज केलं की कितीतरी दिवस बघावं लागत नाही. छापील पुस्तकांना श्रावणापर्यंत बुरशी धरतेच. त्यावर शारी लपेनाची 'द कपल नेक्स्ट डोअर' (2016) वाचा. आईबाप शेजारी जेवायला जातात, परत येतात तर पाळणा रिकामा. शेवटपर्यंत नवरा-बायको दोघांवरही विश्वास बसत नाही.

भरतीओहोटी
अहो, त्यांनी ₹300 लिहिलंय, किंडल कुठून आणणार? जुनं पुस्तक घ्या. पण माझ्यासारखं फसू नका. मी ऑनलाइन जुनी रहस्यकथा मागवली, शेवटचा फर्मा गायब, सोळाच्या सोळा पानं! पैसे परत मिळाले, पण खुनी कोण ते अजून माहीत नाही आणि त्याचा राग अजून गेला नाही. विकणाऱ्याकडून शेवटच्या पानाचा फोटो मागून घ्या. बुरशीचं म्हणाल तर पुस्तकं भिंतीला चिकटून ठेवू नयेत, एवढं केलं तरी पुष्कळ.

कुडाळचो
गे बाय, त्या जत्रेत गर्दीच तशी. तारीख कॅलेंडरात नसता, गावकरी ठरवतत, तरी मुंबयचे चाकरमानी हजर. माझो झील पण थय चुकलेलो, फुगेवाल्याच्या मागसून गेलो. तेव्हापासून पोरांच्या खिशात नाव नि मोबाईल नंबराची चिठी घालतंय. पुस्तकाचा म्हणशील तर रत्नाकर मतकरींच्यो गूढकथा घे.

सड्यावरची
त्यांनी कादंबरी मागितली आहे आणि गूढ नकोय.

रत्नागिरी_कोर्ट
एक आक्षेप. अशा कादंबऱ्यांत नि मालिकांत पोलीस हमखास म्हणतात, '24 तास थांबा'. लोक ते खरं मानतात. 10 मे 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत स्पष्ट सांगितलं आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा. थांबायचं काही कारण नाही. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवरही लगेच फोन करावा.

दापोलीचा वाचक
कागदावर सगळं असतं. माझ्या मावसभावाला एका चौकीत 'उद्या या' असंच सांगितलं होतं.

रत्नागिरी_कोर्ट
म्हणूनच तर सांगतेय. निकाल माहीत असला की माणूस तिथून हलत नाही. पुस्तकाबद्दल: आमचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, कधी रत्नागिरीला आलात तर तिथे विचारा. विकत कशाला घ्यायचं?

सड्यावरची
मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याच्या हातून मूल सुटलं त्याचं मन, असं म्हणालात म्हणून दोन नावं. इयान मॅक्यूअनची 'द चाइल्ड इन टाइम' (1987): बाप सुपरमार्केटच्या काउंटरवर पैसे देतोय तेवढ्यात तीन वर्षांची मुलगी जाते. ती सापडत नाही. भाषा जड आहे. दुसरी जॅकलिन मिचर्डची 'द डीप एंड ऑफ द ओशन' (1996): हॉटेलच्या लॉबीत आई धाकट्याला सात वर्षांच्या थोरल्याकडे सोपवून काउंटरवर जाते, आणि धाकटा नाहीसा होतो. नऊ वर्षांनी तो सापडतो, पण घर पूर्वीचं राहिलेलं नसतं. थोरला मुलगा त्यात होरपळून निघतो. मात्र थरार शोधाल तर निराश व्हाल, मधली दीडशे पानं मलाच जड गेली. एका दमात वाचायचं असेल तर क्लार्कच घ्या.

भरतीओहोटी
शेवट सांगून टाकलात! आता काय वाचणार त्या?

रत्ना_वाचते
खरंच, आधी इशारा द्यायचा असतो. मीपण क्लार्कच म्हणेन. नाहीतर लपेना.

दापोलीचा वाचक
क्लार्क. दुसऱ्यांदा सांगतोय.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे मनापासून आभार. मिचर्ड मागवली. जुनी प्रत, पोस्टासकट ₹410, बजेटच्या बाहेर गेले. शेवटच्या पानाचा फोटो मागून घेतला (भरतीओहोटी, धन्यवाद), फर्मा शाबूत आहे. सड्यावरची, शेवट सांगितलात ते बरं झालं. तो सापडतो हे माहीत नसतं तर मला पहिलं पान उलटवलं नसतं. आणि तिन्ही वेळा पैसे देता-घेतानाच, हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

पत्ता भावाचा दिलाय, ठाण्याचा. गणपतीला येताना तो घेऊन येईल. कशावरचं पुस्तक आहे ते त्याने अजून विचारलेलं नाही.