बाबांसाठी जुन्या विनोदी मालिका सुचवा (बजेट ५०० रुपये)

दुपारची_झोप
नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, सातारला असतात. खुब्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना घराबाहेर पडायचं नाही. बातम्या बघून बीपी वाढवून घेतात म्हणून आईने बातम्या बंद केल्यात. जुन्या विनोदी मालिका दाखवाव्यात असं डोक्यात आहे, दूरदर्शनच्या काळातल्या किंवा त्यानंतर थोड्या वर्षांतल्या. रोज अर्धा तास पुरे. टीव्ही स्मार्ट आहे, नेट मात्र रडतखडत चालतं. ऐकू कमी येतं, कानाचं मशीन घेतलंय, पण ते कपाटात असतं! खर्च ५०० च्या आत. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, हे अशासाठी सांगतेय की चुका काढायची सवय आहे.

टीव्हीवेडा
प्रश्नच नाही, साराभाई वर्सेस साराभाई. २००४ साली पहिल्या भागापासून बघितलीय, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणाला माहीतही नव्हती. आता सगळे भक्त झालेत.

मिरची_भजी
+१ साराभाई. सतीश शहा २०२५ मध्ये गेले तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून परत बघितली.

पेठकर_काकू
अहो, सातारच्या शहात्तर वर्षांच्या माणसाला माया साराभाईचं इंग्रजी कशाला? निम्मे विनोद त्या इंग्रजीवर आहेत. त्यापेक्षा श्रीमान श्रीमती. केशव कुलकर्णी आपलाच माणूस, जतीन कनाकिया काय काम करायचा! आणि रीमा लागू. आमच्याकडे १९९४-९५ मध्ये ती लागली की कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजत नसे.

अर्धवट_राव
श्रीमान श्रीमती म्हणजे दोन शेजारी एकमेकांच्या बायकांवर डोळा ठेवून बसलेले. वडिलांबरोबर बघण्यासारखं आहे का ते? तू तू मैं मैं लावा. तिथेही रीमाच आहे, सासू म्हणून.

पेठकर_काकू
आमच्या घरी सासूबाईंबरोबर बघायचो हो. कुणाचे संस्कार बिघडले नाहीत.

ठाणेकर७१
तू तू मैं मैं मधल्या सासू-सुनेच्या खऱ्या वयात जेमतेम नऊ वर्षांचं अंतर होतं. रीमाला सगळ्यांनी फार लवकर आई नि सासू करून टाकलं. (अवांतर आहे, पण सांगावंसं वाटलं.)

बे_एरियाकर
आमच्याकडे ६५ इंची टीव्ही आणि साउंडबार आहे, आईबाबा आले की सगळं स्वच्छ ऐकू येतं. साउंडबार घ्याच. भारतातही आता आठ-दहा हजारात बरा मिळतो.

दुपारची_झोप
बजेट ५०० आहे हो दादा.

बे_एरियाकर
आईवडिलांसाठी कशाला हिशोब करायचा?

चहा_कमी_साखर
मी काय केलं ते सांगतो, तुम्ही करू नका. लॅमिंग्टन रोडला एकाने 'पुरानी कॉमेडी, १०० सीरियल' असा पेनड्राइव्ह साडेचारशेला दिला. घरी येऊन बघतो तर देख भाई देखचे तीन भाग, तेही एकच भाग तीनदा, आणि बाकी सगळी भजनं. परत गेलो तर तो म्हणतो, भजन भी तो पुराना है.

मिरची_भजी
मेले हसून =))

नुक्कडवाला
जरा कामाचं बोलतो. ऐकू कमी येत असेल तर मागून हशा वाजणाऱ्या मालिका टाळा. देख भाई देख, श्रीमान श्रीमती या मला स्वतःला अतिशय आवडतात, पण एक वाक्य पडलं की हशा, त्या हशात पुढचं वाक्य गेलं. माझ्या वडिलांना तेवढ्याने डोकं दुखायचं. नुक्कड (१९८६) लावा, त्यात तो प्रकार नाही. माणसं चौकात उभी राहून निवांत बोलतात. हरी सायकलवाला, कादरभाईंचं हॉटेल, आणि खोपडीचं काम करणारा समीर खक्कर. दारुडा एवढ्या मायेने कुणी रंगवला नाही.

अर्धवट_राव
नुक्कड विनोदी आहे? मला तर दर दुसऱ्या भागाला रडू यायचं.

नुक्कडवाला
दोन्ही आहे. दिग्दर्शक कुंदन शहा आणि सईद मिर्झा आहेत ते, हसवतील आणि वर चिमटाही काढतील.

ठाणेकर७१
कुंदन शहाचं नाव निघालं म्हणून, ये जो है जिंदगी (१९८४). शुक्रवारी रात्री आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही, तिसऱ्या माणसाच्या डोक्यावरून बघायचो. सतीश शहा दर भागात वेगळाच माणूस होऊन यायचा. लिहिली होती शरद जोशींनी.

काळीआई
शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सिरियल लिहिली होती? कांदा आंदोलनातून वेळ कधी मिळाला?

ठाणेकर७१
ते वेगळे. हे हिंदीतले व्यंगकार.

काळीआई
बरं झालं सांगितलंत. पण शेतकऱ्यांच्या शरद जोशींवर एक वेगळा धागा हवाच.

पेठकर_काकू
काढा वेगळा. इथे नको.

गुंड्याभाऊंचा_सोटा
मराठी माणसाच्या धाग्यावर इतके प्रतिसाद झाले, आणि चिमणराव-गुंड्याभाऊचं नाव कुणी घेतलं नाही! चिं. वि. जोशींची माणसं, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. सत्तरच्या दशकाची अखेर, कृष्णधवल टीव्ही.

टीव्हीवेडा
सगळे भाग मिळतात का कुठे? मला नाही सापडले. दोन-चार तुकड्यांवर दीड महिना कसा काढायचा?

गुंड्याभाऊंचा_सोटा
मग श्रीयुत गंगाधर टिपरे. प्रभावळकरच आहेत. त्यांच्याच 'अनुदिनी' पुस्तकावरून केलेली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, २००१ची. घरातले आबा बघून बाबांना आपलंच घर वाटेल.

मिरची_भजी
टिपरेला +१००. माझ्या आजोबांना मात्र आबांचा राग यायचा, 'हा म्हातारा सगळ्यांचं ऐकून कसा घेतो' म्हणून.

चहा_कमी_साखर
वागळे की दुनिया शोधणार असाल तर एक करा, सोबत १९८८ लिहा. नुसतं नाव टाकलं की २०२१ची नवी येते. तीही वाईट नाही, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर त्यातही आहेत, पण आर. के. लक्ष्मणचा तो घाबरट कारकून हवा असेल तर जुनीच.

टीव्हीवेडा
फ्लॉप शो पण. जसपाल भट्टी, १९८९. दहाच भाग आहेत, आठवड्यात संपेल. पीएचडीच्या गाइडचा भाग माझ्या भावाने व्हायवाच्या आदल्या रात्री बघितला, आणि सकाळी गाइडसमोर त्याला हसू आवरेना.

सदा_निवृत्त
ऑफिस ऑफिस सोडून काहीही लावा. मी स्वतः पेन्शनच्या फाइलसाठी एका कचेरीत चौदा महिने हेलपाटे घातलेत. त्यातला पंकज कपूरचा मुसद्दीलालही असाच कामासाठी कचेरीत खेटे घालतो, ते बघताना हसू येत नाही, पोटात खड्डा पडतो. आजारी माणसाला तर नकोच.

पेठकर_काकू
अनुमोदन. आणि त्या बाबांनी टेबलापलीकडून नोकरी केलेली. उगाच वाईट वाटेल.

नुक्कडवाला
सहमत. ऑफिस ऑफिस नको.

बे_एरियाकर
हम पाँच कुणी सांगितलं का? अशोक सराफ, पाच मुली, आणि फोटोतून बोलणारी प्रिया तेंडुलकर. त्यातली राधिका कानाला मशीन लावायची, विद्या बालनने केलेली आहे ती. बाबांना दाखवा, लाज मोडेल. साउंडबारचं परत एकदा बघा.

दुपारची_झोप
सर्वांना धन्स. अपडेट देते. रविवारी सातारला गेले. नुक्कड लावलं, बाबा झोपले. टिपरे आईने ताब्यात घेतलंय, ती दुपारी एकटीच बघते. मग शेजारच्या काकांनी मोबाइलवर काहीतरी दाखवलं आणि बाबा म्हणाले, हेच टीव्हीवर लावून दे. ते ऑफिस ऑफिस निघालं. सॉरी सदाकाका.

नेट अडकतं म्हणून ४९९ चं जास्तीचं रिचार्ज मारलं आणि माझा जुना फोन हॉटस्पॉटला ठेवून आले.

सदा_निवृत्त
वाईट नाही वाटलं त्यांना?

दुपारची_झोप
कसलं वाईट! ते पूर्ण कचेरीच्या बाजूने आहेत. त्या कचेरीतला भाटिया सामोसे खातो, शुक्ला पान चघळतो, उषाजींचं 'वही तो' चालू, आणि बाबा मुसद्दीलालवर ओरडतात, "अरे, अर्जाची पोच घेतली का? आवक नंबर कुठाय?" काल आईला पूर्ण एक भाग थांबवून आवक-जावक समजावलं. आणि पटेल 'दो बातें' म्हणतो त्यातली दुसरी ऐकू येत नव्हती, म्हणून स्वतःहून कपाटातून मशीन मागवलं.

बे_एरियाकर
तरी साउंडबार हवाच.