बाबांचं तोंड वाकडं झालं आणि आपोआप सरळ पण झालं, तरी दवाखान्यात न्यायचं का?

भीमाकाठचा
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. बाबा ६७ वर्षांचे, गावी असतात माळशिरस तालुक्यात, मी पुण्याला. आज सकाळी चहा पिताना आईला दिसलं की चहा डाव्या कोपऱ्यातून गळतोय, ओठ त्या बाजूला ओघळलाय आणि डाव्या हातातून चुन्याची डबी सारखी निसटतेय. बोलताना जीभ जड, "बशी दे" एवढंच म्हणत होते पण आईला कळेना. चुलत्यांनी तेल लावून हात चोळला आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं जागेवर. आता ओसरीवर पेपर वाचत बसलेत आणि म्हणतायत रात्री पंख्याखाली झोपलो म्हणून वारं गेलं असेल, उगाच गाडीचा खर्च कशाला. बीपीची गोळी दिवाळीपासून बंद आहे, का तर "बीपी नॉर्मल आलं होतं". शुगर नाही, तंबाखू आहे. मी सोमवारी जातोच आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल का? आणि तोवर घरात ॲस्पिरीन आहे ती देऊ का?

कटिंग_चाय
सोमवार विसरा हो. आत्ता गाडी बोलवा, बाकी धागा गाडीत बसल्यावर वाचा.

उंबरठा
एवढं घाबरवू नका त्यांना. आमच्या काकांचं पण असंच तोंड वाकडं झालं होतं, ते बेल्स पाल्सी निघालं, गोळ्या आणि चेहऱ्याचे व्यायाम करून महिन्यात ठणठणीत.

रातपाळी
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. @उंबरठा, बेल्स पाल्सीत फक्त चेहऱ्याची नस जाते, कपाळाला आठी पडत नाही, डोळा नीट मिटत नाही आणि ते पंधरा मिनिटांत बरं होत नाही, आठवडे लागतात. इथे हात पण गेला होता. हे काकांसारखं नाही.

@भीमाकाठचा, तुम्ही लिहिलंय त्यावरून हे टीआयए वाटतंय. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि नशिबाने विरघळली किंवा पुढे सरकली. तेलाने काही झालेलं नाही, चुलत्यांना सांगू नका पाहिजे तर. लोकांना वाटतं गेलं म्हणजे संपलं, पण जिथून ती गुठळी आली ते ठिकाण तसंच आहे. जुन्या अभ्यासांत टीआयए झालेल्यांपैकी दहातल्या साधारण एकाला तीन महिन्यांत मोठा स्ट्रोक (अर्धांगवायूचा झटका) आला होता आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. म्हणजे तुमचा सोमवार नेमका त्या दोन दिवसांच्या पलीकडे पडतोय. उलट २००७ साली ऑक्सफर्डच्या लोकांनी दाखवलं की लगेच तपासून लगेच औषधं सुरू केली तर हा धोका साधारण ८० टक्क्यांनी कमी होतो. मोठा स्ट्रोक यायच्या आधी सावध व्हायची अशी संधी फार थोड्यांना मिळते, बाबांना मिळालीय.

ॲस्पिरीन घरी देऊ नका. स्ट्रोक गुठळीचा असतो तसा रक्तस्रावाचा पण असतो आणि बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टरला सुद्धा नाही, मेंदूचा सीटी स्कॅन लागतोच. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरीन आगीत तेल. बीपीची जुनी गोळी पण घाबरून दोन-दोन देऊ नका, अशा वेळी बीपी एकदम उतरवलं तर मेंदूला जाणारं रक्त अजून कमी होतं.

शेवग्याची_शेंग
कुठे नेताय ते महत्त्वाचं आहे, आमचं तिथेच चुकलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं, त्यांनी सलाईन लावून "बघू सकाळपर्यंत" म्हणत ठेवून घेतलं, सीटीची सोय नव्हती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. मग शेजारच्यांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, व्हॉट्सॲपवर कोणीतरी बोटाच्या टोकांना सुई टोचा असं पाठवलं. आता आईचा उजवा हात कोपरापर्यंतच उचलतो, फिजिओ चालू आहे. म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा, सीटी आत्ता चालू आहे का आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देता का. अकलूज, पंढरपूर जिथे हो म्हणतील तिथे सरळ. १०८ ला फोन लावलात तरी हेच सांगा, ती गाडी फुकट आहे, बाबांना खर्चाचं कारणच उरत नाही.

भीमाकाठचा
आईला फोन झाला, चुलतभाऊ गाडी काढतोय. बाबांची कुरकुर चालू आहे पण चप्पल घातली. वाटेत परत तसंच झालं तर काय करायचं?

रातपाळी
छान. आईला सांगा अधूनमधून बघत राहायला: दात दाखवा म्हणायचं, दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगायचं, एक हात खाली येतो का बघायचं, आणि एखादं साधं वाक्य बोलायला लावायचं. तोल जाणं, एका डोळ्यासमोर अचानक अंधार येणं हे पण त्यातच येतं. काहीही झालं तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. "मगाशी" चालत नाही, शेवटचं ठीक कधी होते ती वेळ लागते, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात आणि जितकं लवकर तितका उपयोग. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर रात्री झोपताना ठीक होते ती वेळ धरतात. मोठ्या शिरेत गुठळी असेल तर मांडीतून नळी घालून ती ओढून काढतात, ते काही पेशंटना २४ तासांपर्यंत करता येतं पण ते मोठ्या शहरात. एका मिनिटाला १९ लाख मज्जापेशी जातात असा एक हिशोब आहे, त्यामुळे वाटेत ओळखीच्या डॉक्टरकडे थांबू नका.

तोंडात पाणी, चहा, साखर काही घालू नका, गिळता येत नसेल तर फुफ्फुसात जातं. शुद्ध हरपली तर कुशीवर झोपवा. आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या, बंद केलेल्या पण.

उंबरठा
बरोबर आहे तुमचं, मला हाताचं लक्षातच आलं नाही. पण बीपी नॉर्मल आल्यावर गोळी का चालू ठेवायची हे मला पण कधी कळलं नाही.

रातपाळी
नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं ना! गोळी थांबली की बहुतेकांचं हळूहळू परत वर, आणि दुखत-खुपत काही नाही म्हणून कळतही नाही. स्ट्रोकच्या कारणांत बीपी सगळ्यात वर. आपल्याकडे त्यात तंबाखू, मिश्री (बायका ती तंबाखूत धरतच नाहीत), आणि जेवणात लोणचं, पापड, खारवलेली मिरची, ठेच्यात मूठभर मीठ. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे घरातल्या चमच्याने एक, आपण सहज दुप्पट खातो. आणि एक, ईसीजी नक्की काढायला लावा. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर स्ट्रोकचा धोका पाचपट होतो, तिथे ॲस्पिरीन पुरत नाही, रक्त पातळ करायची वेगळी गोळी लागते. मानेच्या शिरांची सोनोग्राफी पण विचारा.

भीमाकाठचा
पोचले. सीटीत रक्तस्राव नाही. बीपी १८४/१०२ होतं! ॲडमिट करतायत, ॲस्पिरीनबरोबर अजून एक गोळी सुरू केली. मी पण निघालोय, स्वारगेटला आहे.

रातपाळी
दुसरी गोळी बहुतेक क्लोपिडोग्रेल असेल. ती कायमची असेलच असं नाही, बऱ्याचदा तीन आठवडे दोन्ही देतात आणि मग एकच ठेवतात, म्हणून डिस्चार्जच्या वेळी कुठली कधी थांबवायची ते कागदावर लिहून घ्या. बीपीची मात्र कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची नाही. आणि बाबांच्या खिशातली ती चुन्याची डबी आईकडे द्या.