मांजर, विणकाम आणि गच्चीवरची बाग: मुलगी बाळंतपणाला येण्यापूर्वी घराची व्यवस्था कशी लावावी?

प्रश्न (जुळे सोलापूर येथून)

नमस्कार. माझी मुलगी दिवाळी झाली की सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे आणि बाळ गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, सुमारास होईल, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. घरात आनंद आहे, पण त्याबरोबरच एक पेच उभा राहिला आहे आणि त्याविषयी मला अनुभवी माणसांचा सल्ला हवा आहे.

आमच्याकडे चिंगी नावाची तीन वर्षांची तिरंगी मांजर आहे. एका पावसाळी रात्री ती अंगणातल्या स्कूटरखाली भिजून कुडकुडत बसलेली सापडली, तेव्हा ती माझ्या तळहातावर मावत होती. तिची नसबंदी झालेली आहे, लसी वेळेवर दिल्या जातात आणि घर व गच्ची सोडून ती फारशी कुठे जात नाही. दुपारी मी विणायला बसले की ती मांडीवर येते आणि संध्याकाळी झाडांना पाणी घालायला गेले की जिन्यात माझ्या पुढे असते.

गेल्या आठवड्यात बाळाच्या दुपट्याचे विणकाम कोचावर ठेवून मी दारावर आलेल्या भाजीवाल्याकडे गेले. परत येऊन पाहते तो चिंगीच्या तोंडातून वीतभर सुती दोरा लोंबत होता. मी तो हलक्या हाताने ओढला आणि तो सहज बाहेर आला, पण त्याचे आतले टोक लाळेने चिंब झालेले आणि चावून चावून उसवलेले पाहिल्यावर छातीत धस्स झाले. दुसरी अडचण गच्चीवरची आहे. मेथी पेरलेल्या पसरट कुंडीतली भुसभुशीत माती तिला विधीसाठी इतकी आवडते, की एकही वाफा नीट उगवू देत नाही. मुलगी आल्यावर तिला घरची मेथी आणि टोमॅटो द्यावेत, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

नातेवाइकांचे म्हणणे असे, की गर्भवती बाई असलेल्या घरात मांजर ठेवूच नये. एकांनी तर तिला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येण्याचे सुचवले. ते माझ्याने होणार नाही. मात्र माझ्या मायेपायी मुलीला किंवा बाळाला त्रास झाला, तर मी स्वतःला क्षमा करू शकणार नाही. हे सगळे एका घरात सुरक्षितपणे नांदू शकेल का, आणि त्यासाठी नेमके काय करावे?

उत्तर (विजापूर रस्ता येथून)

ताई, आपल्या प्रश्नातले दोऱ्याचे वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले, म्हणून आधी त्याविषयीच लिहिते. माझा भुऱ्या नावाचा बोका चार वर्षांपूर्वी दोरा गिळूनच गेला.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकून टाकता येत नाही, उलट जीभ हलेल तसा तो आत आतच सरकतो. पुष्कळदा दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकून राहते आणि उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडे आपल्या नेहमीच्या हालचालीने तो पुढे ढकलू पाहते, पण टोक अडकलेले असल्यामुळे दोरा जागचा हलत नाही आणि आतडेच त्याच्यावर गोळा होत जाते. परकराची नाडी ओढली म्हणजे नेफ्याला जशा चुण्या पडतात, तसेच ते होते. पुढे हा ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापतो आणि पोटात जंतुसंसर्ग पसरतो. भुऱ्याला दोन दिवस उलट्या होत होत्या, तो पलंगाखाली जाऊन बसत होता आणि खाण्याला तोंड लावत नव्हता. केसांचा गोळा अडकला असेल असे समजून मी त्याला तूप चाटवत राहिले. ते दोन दिवस वाया गेले.

म्हणून कळकळीने सांगते, तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आपण ओढलेला दोरा सहज आला, कारण तो अजून तोंडातच होता. आत अडकलेला असता, तर त्याच ओढीने आतड्याला इजा झाली असती. तूप, तेल किंवा जुलाबाचे औषध न देता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे आणि दोरा गिळल्याची शंका त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी, कारण नुसता सुती दोरा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. ओवलेली शिवणसुई गिळली असेल तर तेवढी दिसते. चिंगीने तुकडा तोडून आधीच गिळलेला असू शकतो, त्यामुळे तिच्याकडे आणखी काही दिवस नीट लक्ष ठेवा आणि उलटी, लपून बसणे, पोटाला हात लावू न देणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका.

विणकाम मी सोडलेले नाही, पण रीत बदलली. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला मधोमध भोक पाडून घेतले आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत करून घेतल्या. गुंडा डब्यात ठेवायचा, दोरा भोकातून वर घ्यायचा. यामुळे गुंडा जमिनीवर घरंगळत नाही, आणि मांजराला खरी भुरळ पडते ती त्या घरंगळण्याचीच. उठताना सुया, विणलेला भाग आणि डबा असे सगळे एका चेनच्या पिशवीत जाते, मग दारावर कोणीही आलेले असो. टाके बंद केल्यावर कापलेली टोके मी कमरेच्या खिशात टाकते आणि उठल्यावर थेट झाकणाच्या कचरापेटीत.

दुपट्यासाठी एक सुचवते. सोलापूरच्या जानेवारीला सूत पुरेसे आहे, लोकर लागत नाही. साबुदाण्याची वीण घ्यावी: टाके विषम संख्येने घालून प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट विणत जायचे. ही वीण दाट बसते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि नख अडकून ओढ पडण्याचा संभव कमी राहतो. दोन रंगांची नक्षी मात्र टाळावी, कारण मागच्या बाजूला मोकळे धावणारे दोरे मांजराच्या नखांत अडकतात, तसेच बाळाच्या बोटांतही. झालरही लावू नये. चिंगीने एखादा टाका ओढून वर काढलाच, तर तो कापू नका; बोथट सुईने शेजारच्या टाक्यांमध्ये थोडा थोडा सैल करत वाटून द्या, तो पुन्हा बसतो.

उत्तर (होटगी रस्ता येथून)

माझ्या दोन्ही बाळंतपणांत घरात मांजरे होती. मला स्त्रीरोगतज्ज्ञांनी जे समजावून सांगितले होते, ते लिहिते. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गर्भारपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला अपाय होऊ शकतो, त्यामुळे ही भीती निराधार नाही. पण त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून येतात, मांजराला नुसता हात लावल्याने किंवा ते मांडीवर बसल्याने लागण होत नाही. मांजर स्वतः पहिल्यांदा बाधित झाले, की साधारण एक ते तीन आठवडे ही अंडी टाकते, आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच रोग पसरवू शकत नाहीत; त्यासाठी त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली गेली, की धोका पुष्कळच कमी होतो.

हे काम आपण किंवा यजमानांनी करावे, मुलीने करू नये. चिंगीला कच्चे मांस देऊ नये आणि शिकार करू देऊ नये. मुलीने गच्चीवरच्या मातीत हात घालू नये, निदान हातमोज्यांशिवाय तरी नाहीच. अर्धेकच्चे मांस आणि न धुतलेला भाजीपाला यांतूनही हीच लागण होते, ही गोष्ट मांजराला दोष देण्याच्या भरात घरोघरी विसरली जाते. आपल्या मेथीच्या कुंडीचा प्रश्न म्हणूनच नुसता वाफा वाचवण्याचा राहत नाही: ज्या मातीत चिंगी विधी करते, तिथला पाला मुलीला देऊ नये. घरात मांजर असल्याचे मुलीच्या डॉक्टरांना सांगावे, त्यांना आवश्यक वाटल्यास ते रक्ततपासणी करून घेतील.

उत्तर (पूर्व भागातून)

आमचे घर विणकरांचे. आजोबांचा हातमाग घरातच होता, आजी कांड्या भरत असे, आणि मांजर हे त्या घरात हौसेचे नव्हे, गरजेचे जनावर होते. ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते आणि त्या खळीच्या वासाने उंदीर येऊन रातोरात सूत कुरतडतात. म्हणून आमच्या तेलुगू घरात एक तरी ‘पिल्ली’ असायचीच. तेलुगूत मांजरीला हाच शब्द आहे, आणि शेजारच्या मराठी मुलांना मोठे मांजरही ‘पिल्लू’च आहे असे वाटत असे.

आज हे वाचताना लक्षात आले, की आजी दिवेलागणीपूर्वी मागाखालचे तुटके सूत हाताने वेचून एका गाडग्यात टाकत असे आणि गाडग्यावर दगड ठेवत असे. लक्ष्मी यायच्या वेळी केर नको, असे ती म्हणायची, आणि त्या घरात दोऱ्यामुळे मांजर गेल्याचे मला आठवत नाही.

एक गोष्ट राहू नये म्हणून लिहितो. विणलेले कपडे ठेवताना त्यांत डांबरगोळ्या टाकू नका. त्या मांजराने चावल्या तर त्याच्या रक्तपेशी नष्ट होतात, आणि नवजात बाळाच्या कपड्यांनाही तो वास नको. शिवाय कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते, सुताला तिच्यापासून भय नसते. सुती दुपट्यासाठी डांबरगोळीचे काही कामच नाही. स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून बंद डब्यात ठेवले की पुरे. फरशीला फिनेल लावत असाल तर तेही थांबवा; मांजर पाय चाटते आणि ते विष तिचे यकृत पचवू शकत नाही.

उत्तर (सात रस्ता परिसरातून)

मी गेली बरीच वर्षे गच्चीवर भाजी करतो, मांजरेही आहेत. मेथीच्या कुंडीतली सध्याची माती काढून टाका, कुंडी उकळत्या पाण्याने धुवा आणि नवीन माती भरा. पेरणी झाली की कुंडीवर कोंबडीजाळीचा तुकडा कमानीसारखा वाकवून बसवा. टोमॅटोच्या कुंड्यांत बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचा जाड थर द्या आणि त्यावर करवंट्यांचे तुकडे पसरा. मांजराला पाय रोवून उकरता येत नाही, आणि आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येते, त्या हिशेबाने ओलही टिकते. त्याचबरोबर जिन्याच्या आडोशाला वाळूची एक रुंद पाटी ठेवा. नुसती मनाई करून मांजर ऐकत नाही, तिला दुसरी जागा दिली की ऐकते.

तिच्यासाठी एका पसरट भांड्यात मूठभर गहू रात्रभर भिजवून पेरा; आठवड्याभरात चार बोटे हिरवे गवत होते आणि ती इतर झाडे कमी चावते. पावसाळ्यानंतर कुंड्यांत आपोआप उगवणारी खोकली उपटताना एक मूळ तिच्यापुढे टाकून पाहा. त्या मुळाच्या वासाने मांजरे बेभान होऊन लोळतात. इतक्या वर्षांनंतरही मी दर पावसाळ्यात एक रोप मुद्दाम राखून ठेवतो.

आता धोक्याची झाडे. कण्हेर असेल तर ती आधी हलवा, तिचा प्रत्येक भाग हृदयावर घातक परिणाम करतो. शोभेच्या सायकसने यकृत निकामी होते. मनी प्लांट चावल्यास तोंडाची आग होऊन लाळ गळते. जास्वंद आणि गुलाब यांची चिंता नको. सर्वांत मोठी सूचना लिलीविषयी आहे. बाळ झाल्यावर भेटीला येणारे लोक पुष्पगुच्छ आणतात आणि त्यांत मोठ्या पाकळ्यांची एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली असते. तिचे पान, पाकळी, अंगावर पडून चाटला गेलेला पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करते. असा गुच्छ दारातूनच परत द्यावा, त्यात संकोच मानू नये.

प्रश्नकर्तीचे निवेदन (जुळे सोलापूर येथून)

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल चिंगीला पशुवैद्यांकडे नेऊन आणले. त्यांनी जीभ उचलून खाली पाहिले, पोट चाचपले आणि सध्या काही अडकलेले वाटत नाही असे सांगितले. तरी आठवडाभर लक्ष ठेवायचे आहे. ती नेहमीसारखी खाते आहे.

दुपट्याच्या कडेला मी बोटभर लांबीची झालर सोडली होती, ती काल रात्री उसवली. डब्याच्या झाकणाला भोक पाडून आणले आहे. वाळूची पाटी रोज सकाळी स्वच्छ करण्याचे काम यजमानांनी स्वतःहून मागून घेतले. मुलीशी फोनवर सविस्तर बोलले, ती म्हणाली, “आई, चिंगी नसेल तर मी तिथे येऊन करू काय?” गावाबाहेर सोडण्याचा विषय आमच्या घरापुरता मिटला आहे.

एक शंका उरली आहे. गच्चीच्या कोपऱ्यात गुलाबी कण्हेरीचे माझ्या उंचीचे झाड पिंपात लावलेले आहे. ते कोणाला द्यायचे म्हटले तरी जिन्यातून उतरवण्यासाठी आधी छाटावे लागेल. छाटलेल्या फांद्यांचे काय करावे?

उत्तर (सात रस्ता परिसरातून)

त्या जाळू नका. कण्हेरीचा धूरही विषारी असतो. शेगडीला किंवा बंबाला तर चुकूनही घालू नका. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यांना लागू देऊ नका, चिंगीला तेवढा वेळ खाली खोलीत बंद ठेवा आणि गळलेली पाने झाडून वेचून घ्या. फांद्या पोत्यात भरून पोत्याचे तोंड बांधा आणि तसेच घंटागाडीत द्या. रस्त्याकडेला टाकल्यास शेळ्या-गाई खातील आणि त्यांनाही ती तितकीच मारक आहे. पिंपातली माती बदलल्यावर तिथे जास्वंद लावा, दिवाळीपर्यंत रुजेल.