लाकडी खुळखुळ्याला आयएसआय मार्क लागतोच का?

खुळखुळेवाली
घरच्या लेथवर लाकडी खुळखुळे आणि दोरीने ओढायच्या गाड्या करते. रंगवाल्याने 'नॉन-टॉक्सिक'चं सर्टिफिकेट दिलंय. प्रदर्शनात आणि ऑनलाइन विकायला तेवढं पुरेल ना? की खोक्यावर '14 वर्षांवरील, शोभेची वस्तू' छापून टाकू?

पटाशी
नाही पुरणार, ताई. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे, घरगुती उद्योगालासुद्धा. 'शोभेची वस्तू' छापून सुटका नाही. वस्तू खेळायची आहे का, एवढंच बघतात. खुळखुळा शोभेचा म्हणून कोण मानेल? विनापरवाना विकल्यास पहिल्या वेळचा दंडच किमान 2 लाख.

सूट आहे ती हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या मालाला. पहचान कार्ड, म्हणजे त्या नोंदणीचं ओळखपत्र, नसेल तर आधी त्याच्या मागे लागा.

लाखकाम
सर्टिफिकेट डब्यातल्या रंगाचं. लॅब खेळण्यावरचा वाळलेला थर खरवडून घेते, म्हणजे अस्तर, पॉलिश सगळंच आलं. त्यातून विरघळून येणारं शिसं किलोमागे 90 मिग्रॅच्या आत हवं, कॅडमियम 75 च्या. पद्धत खेळण्यांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकात, आयएस 9873 च्या भाग 3 मध्ये आहे.

मात्र रंगापेक्षा त्याच मानकाचा भाग 1, म्हणजे मजबुतीच्या चाचण्या, जड जातो. दीड वर्षाखालच्या बाळाचं खेळणं सुमारे 138 सेंमीवरून दहा वेळा टाकतात. खुळखुळ्याचा जोड उकलला आणि आतला एक मणी जरी बाहेर आला तरी नापास. सुटा झालेला तुकडा 31.7 मिमी व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावला, की तो घशात अडकणारा धरतात.

खुळखुळेवाली
कार्ड नाही. गाडीच्या चाकाबाहेरची टोपी पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली आहे, ती चालेल?

पटाशी
तीच सुटणार. टोपी पिळून बघतात, मग 70 न्यूटनने, म्हणजे साधारण 7 किलोच्या ओढीने, दहा सेकंद ओढतात. रंगावर गोंद धरतच नाही. जोडाची जागा कोरी ठेवा. शिवाय टोपी आणि आस यांतून आरपार 3 मिमीचं भोक पाडून बांबूची खुंटी ठोका, टोक घासून सपाट करा. लॅबची फी भरण्याआधी घरीच 7 किलोचं वजन टांगून बघा. नमुना टिकला की मग बीआयएसच्या 'मानक ऑनलाइन' पोर्टलवर लायसन्ससाठी अर्ज.