मदत हवी आहे: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या होमस्टेडर (सरकारी जमीन घेऊन वसलेल्या) बाईंचं माहेरचं आडनाव कसं शोधायचं?

नवऱ्याच्या खापरपणजीचा माग काढते आहे. कस्टर काउंटीत १६० एकर होमस्टेड, सनद (मालकीचा सरकारी दस्त) तिच्याच नावे, पण 'विधवा' म्हणून. १९०० च्या जनगणनेत मुलांसह सापडते, जन्म ओहायो. त्याआधी काहीच नाही. १८९० ची जनगणना कुठे मिळेल?

प्रतिसाद १
१८९० चा नाद सोडा. १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर त्यातलं जवळजवळ काही उरलं नाही. नेब्रास्काची १८८५ ची वेगळी जनगणना मात्र आहे. ती आणि १८८० ची, दोन्हींत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. घरात 'सासू' किंवा 'मेहुणा' दिसला तर त्याचं आडनाव टिपून ठेवा. (सासूने दुसरं लग्न केलेलं असेल तर फसाल.)

सनद म्हणजे एक पान. खरा मजकूर नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या) जमीन-फाइलीत. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या साइटवरून जमीन कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि सेक्शन-टाउनशिप-रेंज (मोजणीनुसार जमिनीचा ठावठिकाणा) उतरवून मागणी करा. त्यात घर केवढं, किती एकर नांगरले, कुटुंबात किती माणसं, दोन साक्षीदारांच्या जबान्या असतात. तुमच्या प्रकरणात तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची तारीखही बहुधा मिळेल. माहेरचं आडनाव मात्र क्वचितच. साक्षीदारांची नावं ओहायोच्या नोंदींशी ताडून बघा, शेजारी अनेकदा नात्यातलेच निघतात.

धागाकर्ती
खापरपणजीच्या नवऱ्याच्या थडग्यावर ओहायोच्या पायदळ रेजिमेंटचा क्रमांक आहे. उपयोग होईल?

प्रतिसाद २
अहो, हे आधी सांगायचं! यादवी युद्धातल्या युनियन (उत्तरेच्या बाजूच्या) सैनिकाच्या विधवेने पेन्शन मागितली असेल, तर तिला लग्न सिद्ध करावं लागायचं. त्यामुळे लग्नाचा दाखला, ठिकाण, माहेरचं नाव आणि कधीकधी कुटुंबाच्या बायबलचं फाडलेलं पानसुद्धा फाइलीत सापडतं. रेजिमेंट आणि कंपनी (रेजिमेंटमधली तुकडी) दोन्ही द्या. नुसत्या नावावर भलत्याचीच फाइल येते. १८९० ची सैनिक व विधवांची वेगळी यादी नेब्रास्काची शिल्लक आहे, तीही चाळा.

प्रतिसाद १
पेन्शन नसेल तर मुलांकडून मागे जा. नेब्रास्कात मृत्यूनोंद राज्यपातळीवर १९०४ पासून, आणि मुलाच्या दाखल्यात आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. पण सांगणारा सून-जावई असेल तर चूक धरूनच चला. त्यापेक्षा १९३६ नंतर मुलाने स्वतः भरलेला सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा) अर्ज बरा. ऑनलाइन वंशवृक्षातलं आडनाव कागद हाती येईपर्यंत पेन्सिलीनेच लिहा.