पोलरॉइड, लेडी गागा आणि माझा लग्नातला फोटो कॉर्नर

लेन्सवाली_नाशिक

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी नाशिकमध्ये लग्नांत इन्स्टंट फोटोचा कॉर्नर लावते. मंगल कार्यालयाच्या दाराशी एक टेबल, मागे झेंडूच्या माळा, दोन इन्स्टॅक्स मिनी कॅमेरे आणि मदतीला एक मुलगा. पाहुण्यांचा फोटो काढायचा, दीड मिनिटात चेहरा उमटतो. एक प्रत त्यांच्या हातात, दुसरी वधूवरांच्या वहीत चिकटवायची आणि खाली दोन ओळी लिहून घ्यायच्या. मागच्या वैशाखात एका आजींनी त्यांचा फोटो रुमालात गुंडाळून कमरेला खोचला. स्वतःचा एकटीचा फोटो आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला, म्हणाल्या. अशा दिवशी घरी जाताना पाय दुखत नाहीत.

पण गणित जुळत नाही. एक मिनी फोटो मला फिल्मलाच ₹५०च्या आसपास पडतो. ३०० फोटोंचं लग्न म्हणजे ₹१५,००० नुसत्या फिल्मचे. कुणाचे डोळे मिटतात, कुणी कडेला कापलं जातं. ते परत काढायचे आणि तो खर्च माझ्या पदरचा. मागच्या लग्नसराईत २२ ऑर्डरी होत्या, यंदा १४ आल्या.

माझा मावसभाऊ म्हणतो, मालिकेतल्या एका अभिनेत्रीला आणून दोन रील करून घे. बोलणी झाली आहेत, ₹७५,००० सांगितले आहेत. "चेहरा दिसला की बुकिंग येतंच, पोलरॉइडनेसुद्धा त्या गायिकेला, लेडी गागाला घेतलं होतं," हे त्याचं म्हणणं.

पोलरॉइड, म्हणजे इन्स्टंट फोटोचे कॅमेरे आणि फिल्म बनवणारी अमेरिकी कंपनी, म्हटलं की मला बाबांचा स्टुडिओ आठवतो. चार लेन्सचा कॅमेरा होता त्यांच्याकडे. नोकरीच्या फॉर्मची शेवटची तारीख असली की लोक धापा टाकत यायचे. बाबा फिल्म ओढून काढायचे, थंडीत ती काखेत धरून ऊब द्यायचे, नजर घड्याळावर, आणि वेळ झाली की पापुद्रा सोलायचे. एका कागदावर चार चेहरे! सोललेल्या पापुद्र्याला मात्र हात लावू द्यायचे नाहीत, कातडी भाजते म्हणून.

गागाला घेऊन पोलरॉइडचं नेमकं काय झालं, ते जाणकारांनी सविस्तर सांगावं. ₹७५,००० म्हणजे माझी पाच लग्नांची फिल्म आहे.

वाल्थमकर

मी १९८६पासून मॅसॅच्युसेट्समधल्या वाल्थमला राहतो. इथे पोलरॉइडचा मोठा कारखाना होता, आता त्या जागेवर दुकानांचं संकुल आहे. आमच्या गल्लीत पोलरॉइडमधून निवृत्त झालेल्यांची तीन घरं होती. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी गागांचं सांगतो. जानेवारी २०१०मध्ये लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात पोलरॉइडने त्यांना 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' म्हणून जाहीर केलं. वर्षभराने त्याच प्रदर्शनात त्यांनी 'ग्रे लेबल' नावाखाली तीन वस्तू दाखवल्या: आत कॅमेरा आणि काचांमध्ये छोटे पडदे असलेला गॉगल, एक डिजिटल कॅमेरा आणि मोबाइलवरचे फोटो छापणारा हातात मावेल एवढा प्रिंटर. वर्तमानपत्रांत गॉगलचेच फोटो. प्रिंटर बाजारात आला, गॉगल कधीच दुकानात पोहोचला नाही. करार पुढे गाजावाजा न होता विरून गेला.

पण त्याआधीची दोन वर्षं बघा. फेब्रुवारी २००८मध्ये पोलरॉइडने जाहीर केलं की इन्स्टंट फिल्म बनवणं बंद. त्याच डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली, २००१नंतर दुसऱ्यांदा. तेव्हाचा मालक टॉम पेटर्स याचा अब्जावधी डॉलरांचा घोटाळा उघडकीला आला होता. त्याला पुढे ५० वर्षांची शिक्षा झाली. २००९मध्ये नाव लिलावात गेलं. म्हणजे गागा आल्या तेव्हा पोलरॉइड नावाच्या कंपनीकडे स्वतःची फिल्मच नव्हती! त्या प्रिंटरमध्ये झिंक नावाचा कागद होता, उष्णतेने रंग उमटणारा. त्यात ना ते रसायन, ना पांढऱ्या चौकटीत हळूहळू वर येणारा चेहरा. गागांना मी बोल लावणार नाही. ज्या वस्तूवर लोकांचं प्रेम होतं ती वस्तू त्यांच्या हातात द्यायलाच कुणाकडे नव्हती.

पोलरॉइड नामवंतांना आधीपासून घेत आली आहे. १९६५ला 'स्विंगर' हा १९ डॉलर ९५ सेंटचा कॅमेरा आला, त्याच्या जाहिरातीत समुद्रकिनाऱ्यावर अली मॅग्रॉ होती, तेव्हा ती कुणाला माहीतही नव्हती. एसएक्स-७० या कॅमेऱ्यासाठी नट सर लॉरेन्स ऑलिव्हिए कॅमेऱ्यासमोर आले. आणि १९७७पासून जेम्स गार्नर आणि मॅरिएट हार्टली 'वनस्टेप'च्या जाहिरातींत. ती दोघं पडद्यावर इतकी सहज वाद घालायची की लोक त्यांना खरे नवरा-बायको समजायचे. शेवटी 'मी मिसेस जेम्स गार्नर नाही' असं लिहिलेला टी-शर्ट हार्टलीबाईंनी घातला. वनस्टेप ३९ डॉलर ९५ सेंटला होता आणि भरपूर खपला. त्या जाहिराती चालल्या, कारण त्या अर्ध्या मिनिटात गार्नर फोटो काढायचा आणि फोटो बाहेर यायचा. बघणाऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात तोच कॅमेरा आणि त्याच्यासाठी दहा फोटोंचं पाकीट मिळायचं.

कॅमेरा माणूस एकदा घेतो. फिल्म बारशाला, मुंजीला, सहलीला, दर वेळी घ्यावी लागते, आणि कमाई तिथे असते. हे पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं. १९४३ला त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, फोटो आत्ता का नाही बघता येत? २१ फेब्रुवारी १९४७ला न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर त्यांनी स्वतःचाच फोटो काढून मिनिटभरात कागद सोलून दाखवला. पोलरॉइडचा खरा तारा तेच होते.

मला विचाराल तर पोलरॉइडने एखाद्या प्रसिद्ध माणसाशी केलेला सगळ्यांत चांगला करार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्याबरोबरचा. अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले निसर्गछायाचित्रकार. १९४०च्या दशकाच्या अखेरीस लँडनी त्यांना सल्लागार नेमलं, आणि ते नातं अ‍ॅडम्स गेले तोवर टिकलं. काम काय? नवी फिल्म डोंगरात न्यायची, उन्हात, बर्फात वापरायची आणि कुठे काळं जास्त गडद होतं, कुठे पांढऱ्यातले बारकावे जातात, ते लिहून कळवायचं. त्यांनी अशी टिपणं ढिगाने पाठवली. नाव मोठं होतं, पण ते नाव दोष दाखवायला वापरलं.

तुम्हाला ऑर्डरी २२वरून १४ का झाल्या, ते कळलंय का? अभिनेत्रीच्या आधी मी ते शोधेन. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

ठाण्याचा_ट्रायपॉड

वाल्थमकर काका, फार सुंदर माहिती. पण मी पूर्ण सहमत नाही. चेहऱ्याने फरक पडतो, फक्त वेळ बरोबर हवी.

फुजीचं बघा. इन्स्टॅक्स १९९८ला जपानमध्ये आला. २००२च्या सुमारास वर्षाला १० लाख कॅमेरे जात होते. मग मोबाइलमध्ये कॅमेरे आले आणि दोन-तीन वर्षांत आकडा लाखभरावर घसरला. दुसरी कुठलीही कंपनी टाळं लावून मोकळी झाली असती. फुजीने फिल्म बनवणं थांबवलं नाही. पुढे कोरियातल्या मालिकांमध्ये तो कॅमेरा दिसायला लागला, तिकडच्या मुलींनी उचलून धरला, २०१२ला गोलमटोल मिनी ८ आला. गायिका टेलर स्विफ्टच्या २०१४च्या अल्बमच्या कव्हरवर पांढऱ्या चौकटीतला इन्स्टंट फोटो होता आणि सीडीच्या आत तसे १३ फोटो घातलेले. २०१८ला फुजीने तिच्याशी करार केला, तिच्या नावाचा चौकोनी फोटोंचा एसक्यू६ कॅमेरा काढला. २०१८-१९ या वर्षात इन्स्टॅक्सचे १ कोटी कॅमेरे गेले.

ते सगळं टेलरमुळे झालं असं मी म्हणत नाही, आधीच्या वर्षांतही विक्री चढतीच होती. पण तिच्या चाहत्या मुलीला दुसऱ्या दिवशी कॅमेराही मिळत होता आणि फिल्मही. गागांच्या वेळी नेमकं हेच नव्हतं.

लेन्सवाली ताई, तुमच्याकडे वस्तू आहे, म्हणून तुमचं प्रकरण गागापेक्षा टेलरच्या जवळ आहे. रीलला ₹७५,००० मी देणार नाही. पण त्या बाईंना तुमच्या कॉर्नरवर उभं करून फोटो काढून, पेनाने नाव लिहून घेता आलं, तर ते वहीचं पहिलं पान कार्यालयाच्या मॅनेजरला आणि डेकोरेटरला दाखवता येईल. बहुतेक लग्नांची कामं त्या दोघांच्या तोंडूनच पुढे जातात, हा माझा ठाण्यातला अनुभव.

आम्ल_अल्क

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. वर एक गोष्ट राहिली, आणि मला तीच सगळ्यांत जवळची वाटते.

गागांचं नाव जाहीर झालं त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या एन्स्खेदे गावात पोलरॉइडच्या जुन्या कारखान्यात मोजकी माणसं फिल्म पुन्हा बनवण्यासाठी धडपडत होती. फ्लोरियान काप्स आणि आंद्रे बोसमान यांनी २००८ला तिथली यंत्रं भंगारात जाण्याआधी विकत घेतली आणि नाव ठेवलं 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट'. यंत्रं होती, कामगार होते, पण लागणारी कित्येक रसायनं आता कुणी बनवतच नव्हतं. फिल्म म्हणजे एकावर एक बसवलेले अनेक थर; एक घटक बदलला की बाकीचे बिनसतात. सगळ्यांत अवघड भाग म्हणजे फोटो बाहेर आल्यावर उजेडापासून त्याला झाकणारं रसायन. २०१०ला त्यांची पहिली कृष्णधवल फिल्म आली तेव्हा फोटो बाहेर येताच हाताने झाकावा लागायचा. फोटो फिके यायचे, डाग पडायचे. तरी लोकांनी पैसे मोजून ती घेतली आणि काय चुकतंय ते कळवत राहिले. २०१७ला त्यांच्याच भागधारकाने पोलरॉइडचं नाव विकत घेतलं, आणि २०२०पासून त्या फिल्मवर पुन्हा नुसतं 'पोलरॉइड' लिहिलेलं असतं. वर अ‍ॅडम्स यांची टिपणं वाचली तेव्हा मला हेच ग्राहक आठवले.

आता तुमच्या वाया जाणाऱ्या फिल्मकडे वळते. इन्स्टॅक्स साधारण ५ ते ४० अंशांत नीट चालते. नाशिकला डिसेंबरातल्या पहाटेच्या मुहूर्ताला पाकिटं गाडीत ठेवू नका, आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. शिवाय मिनीचा फ्लॅश पावणेतीन मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. पाहुणे मागे सरकत जातात आणि फोटो काळा येतो. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा, दीड मीटरवर. फोटो बाहेर आल्यावर कुणी तो हलवत असेल तर हलवू देऊ नका.

लेन्सवाली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा उत्तर देते आहे, कारण मधे दोन लग्नं होती.

रेघ मारली. पहिल्या लग्नात २८० फोटोंत ११ वाया गेले. आधी तीस-पस्तीस जायचे.

काकांनी विचारलं होतं, ऑर्डरी का घटल्या. मी ऑर्डरींची वही काढून मागच्या वर्षीच्या नऊ घरी फोन केले. फोटोंबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. सहा जणींनी एकच सांगितलं: वहीत चिकटवलेले फोटो पावसाळ्यात निघाले, काहींवर गोंदाचे पिवळे डाग आले. दोघींनी तर धाकट्या बहिणीच्या लग्नाला म्हणूनच मला बोलावलं नाही. मला हे कधी कळलंच नसतं! स्वस्तातला डिंक मीच निवडला होता, त्यामुळे वाईट वाटलं. आता कोपरे खोचायच्या खाचा असलेली वही बांधून घेते आहे, आणि त्या नऊ घरांना जुन्या वह्या मागवून फोटो नव्या वहीत लावून देणार आहे. फुकट.

रीलचं मी नाही म्हणून कळवलं. मावसभाऊ रुसला आहे, पण चिकटपट्टीची रेघ त्यानेच मारली.

एक विचारायचं आहे. हा धागा बाबांना वाचून दाखवला. अ‍ॅडम्स यांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग माळ्यावरून चार लेन्सचा कॅमेरा काढला आणि म्हणाले, याची फिल्म कुठे मिळते का बघ, या नव्या वहीच्या पहिल्या पानाला आपल्या दोघांचा फोटो काढू. मिळेल का?

वाल्थमकर

सोलायची फिल्म पोलरॉइडने २००८लाच बंद केली. फुजीची एफपी-१००सी त्या कॅमेऱ्यात चालायची, तीही २०१६ला थांबली. पण माझ्याकडे फ्रिजमध्ये दोन पाकिटं आहेत, मुदत २०१८ची. रंग थोडे निळसर येतील. मी डिसेंबरात पुण्याला येतो आहे, तिथून नाशिकला यायला काही वेळ लागत नाही. वडिलांना सांगा, तोवर कॅमेऱ्याचे रोलर ओल्या फडक्याने पुसून ठेवा. जुनं रसायन वाळून बसलेलं असतं, त्याने फोटोवर ठिपके येतात. आणि थंडी असेल, तेव्हा फिल्म काखेत त्यांनीच धरायची.